मंगळाची माती, मंगळाचे फोटो आणि रोव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळावरून नवा फोटो आला की तो व्हॉट्सॲपवर दोन दिवस फिरतो आणि त्याच्यासोबत तेच ते प्रश्नही फिरतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. बराचसा भर नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवर (रोव्हर म्हणजे ग्रहावर चाकांवर फिरणारं यान) आहे, कारण मंगळाची माती चाळून, भाजून, क्ष-किरणांखाली धरून पाहण्याचं काम त्याच्याइतकं कोणीच केलेलं नाही. एक गोष्ट पुढच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगून ठेवतो. फोटो पाहून शंका येते, खात्री पटते ती खडकाची पूड तपासल्यावर. मंगळाबद्दल आज जे काही ठामपणे सांगता येतं, त्यातलं बहुतेक या दोन्हींची गाठ पडली तिथूनच आलं आहे.

आजवर मंगळावर कोणकोणते रोव्हर चालले?

सहा. सोजर्नर (१९९७), स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी (दोघेही जानेवारी २००४), क्युरिऑसिटी (ऑगस्ट २०१२), पर्सिव्हरन्स (फेब्रुवारी २०२१) आणि चीनचा झुरोंग (मे २०२१). फिनिक्स हे यान २००८ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ उतरलं. ते जागचं हलणारं नव्हतं, पण मातीबद्दल त्याने सांगितलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती पुढे येईलच.

मंगळ खरोखर लाल आहे का?

वरून लाल, आतून राखाडी. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने ‘जॉन क्लाइन’ नावाच्या खडकात पहिलं भोक पाडलं. भोक जेमतेम १.६ सेंटिमीटर रुंद आणि ६.४ सेंटिमीटर खोल. फोटोत भोकाभोवती जी पूड साचलेली दिसते ती स्वच्छ राखाडी, किंचित हिरवट छटेची. आजूबाजूला सगळं तांबूस आणि मधोमध ही राखाडी कडी. माझ्या मते मंगळाच्या लाखो फोटोंमध्ये इतकं काही शिकवून जाणारे फोटो थोडेच असतील.

लाल रंग आहे तो धुळीचा. धुळीतलं लोह गंजलेलं आहे. ही धूळ इतकी बारीक आहे की वादळात अख्ख्या ग्रहावर पसरते आणि सगळीकडे तिचा पातळ थर बसतो. नेमकं कोणतं लोहखनिज हा रंग देतं यावर अजून काम चालू आहे. बरीच वर्षं कोरडं हेमटाइट मानलं जात होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेरीहायड्राइटचं पारडं जड ठरलं, आणि ते तयार व्हायला पाणी लागतं.

फोटोतले रंग खरे असतात की नंतर भरलेले?

दोन प्रकारचे फोटो प्रसिद्ध होतात आणि त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ उडतो. पहिल्या प्रकारात तिथे उभ्या असलेल्या माणसाला दिसेल तसं दृश्य असतं: पिवळट-तपकिरी आकाश, सगळ्यावर तांबूस झाक. दुसऱ्या प्रकारात रंगांचा तोल असा बदललेला असतो की खडक पृथ्वीवरच्या उन्हात ठेवल्यासारखे दिसावेत. असं करण्यात फसवणूक काहीच नाही. भूवैज्ञानिकांची नजर पृथ्वीवरच्या उजेडात खडक ओळखायला तयार झालेली असते, त्यांच्या सोयीसाठी हे केलं जातं. रंग पडताळता यावेत म्हणून रोव्हरवर ठरावीक रंगांच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. क्युरिऑसिटीवर तर मोजमापासाठी १९०९ सालचं एक अमेरिकी सेंटचं नाणंही आहे. सुरुवातीला चकचकीत असलेलं ते नाणं हळूहळू धुळीने माखत गेलं, तेही फोटोंत दिसतं.

मंगळावरचा सूर्यास्त मात्र निळसर दिसतो आणि तो रंग खरा आहे. तिथल्या धुळीचे कण अशा आकाराचे आहेत की निळा प्रकाश सूर्याच्या दिशेनेच पुढे जातो आणि बाकीचे रंग जास्त विखुरतात. क्युरिऑसिटीने एप्रिल २०१५ मध्ये हा सूर्यास्त रंगीत टिपला.

रोव्हर माती तपासतो म्हणजे नेमकं काय करतो?

क्युरिऑसिटीने माती पहिल्यांदा उचलली ती ऑक्टोबर २०१२ मध्ये, ‘रॉकनेस्ट’ नावाच्या वाळूच्या ढिगातून. त्या वेळचा क्रम सांगतो, म्हणजे हे काम किती नाजूक आहे ते कळेल.

आधी चाक ढिगावर घासून चर पाडला आणि आतली वाळू कशी दिसते ते पाहिलं. मग लहानशा पळीने वाळू उचलली, पण ती लगेच तपासायला घेतली नाही. नवं भांडं वापरायला काढण्याआधी विसळावं, तशी ती वाळू यंत्राच्या आतल्या नळ्यांतून आणि चाळणीतून जोरात हलवून बाहेर फेकली. उद्देश हा की पृथ्वीवरून चिकटून आलेला तेलकटपणा निघून जावा. हे एकाहून जास्त वेळा केलं. मध्येच जमिनीवर काहीतरी चमकताना दिसलं आणि काम थांबलं. जवळून पाहिल्यावर तो रोव्हरवरूनच पडलेला प्लॅस्टिकचा बारीक तुकडा असावा असा निष्कर्ष निघाला. नंतर मातीतही चमकणारे कण दिसले, ते मात्र मंगळाचेच निघाले.

एवढं झाल्यावर १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटर भोकांच्या) चाळणीतून गाळलेली चिमूटभर वाळू दोन यंत्रांकडे गेली. ‘केमिन’ हे यंत्र पूड थरथरवत तिच्यातून क्ष-किरण सोडतं. प्रत्येक खनिजाचे स्फटिक किरणांना आपापल्या ठरावीक कोनांत वळवतात, त्यावरून कोणतं खनिज किती प्रमाणात आहे ते कळतं. दुसऱ्या ग्रहावर ही पद्धत पहिल्यांदाच वापरली गेली. ‘सॅम’ या दुसऱ्या यंत्रात छोट्या भट्ट्या आहेत. पूड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची आणि कोणत्या तापमानाला कोणता वायू सुटतो ते मोजायचं.

याखेरीज ‘केमकॅम’चा लेसर आहे. सात मीटरपर्यंतच्या अंतरावरून तो खडकावर नेम धरतो, टिंबाएवढी जागा क्षणात वाफ होऊन चमकते आणि त्या चमकेतल्या रंगांवरून मूलद्रव्यं ओळखता येतात. खडकाच्या जवळून घेतलेल्या फोटोत एका रांगेत नेटके खड्डे दिसले तर ते लेसरचे असतात.

मग त्या मातीत काय सापडलं?

फेल्डस्पार, पायरॉक्सीन आणि ऑलिव्हीन, म्हणजे बेसाल्टची (लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाची) नेहमीची खनिजं. हवाई बेटांवरच्या ज्वालामुखीच्या झिजलेल्या मातीशी तिचं साम्य असल्याचं शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं. मातीचा बराच भाग मात्र स्फटिक नसलेल्या, काचेसारख्या पदार्थाचा आहे. तो नेमका कशाचा बनला आहे हे केमिनला सांगता येत नाही, कारण क्ष-किरणांची ही पद्धत स्फटिकांवरच चालते.

आपला सह्याद्री आणि सगळा दख्खनचा पठारी भाग बेसाल्टचाच आहे. त्यामुळे मंगळाच्या खडकांची यादी महाराष्ट्रातल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला परकी वाटणार नाही.

मातीत २ टक्के पाणी सापडलं म्हणतात. म्हणजे ती ओलसर आहे?

नाही. हातात घेतली तर कोरडी ठणठणीत लागेल. रॉकनेस्टच्या वाळूत वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी आहे, पण ते कणांना रासायनिक रीतीने धरून बसलेलं आहे आणि तापवल्यावरच सुटतं.

मंगळावर पूर्वी पाणी वाहत होतं हे कशावरून?

या प्रश्नाला सर्वात जास्त जागा द्यायला हवी, कारण फोटो आणि माती यांची जोडी इथे जितकी जमून आली तितकी दुसरीकडे कुठेच नाही.

सुरुवात २००४ पासून करू. ऑपॉर्च्युनिटी उतरताना घरंगळत गेला तो थेट जेमतेम २२ मीटर रुंदीच्या एका खळग्यात. समोर पहिलाच फोटो थर दिसणाऱ्या खडकांचा. जवळून पाहिलं तर काही मिलिमीटरच्या गोळ्या जमिनीवर सगळीकडे विखुरलेल्या. गोळ्या तर ज्वालामुखीतूनही पडू शकतात आणि उल्कापातानेही बनतात, त्यामुळे फोटोवरून काहीच ठरत नव्हतं. उपकरणांनी त्या हेमटाइटच्या असल्याचं दाखवलं आणि भोवतालच्या खडकात जॅरोसाइट हे खनिज सापडलं. जॅरोसाइट तयार व्हायला आम्लयुक्त पाणी लागतं. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात या गोळ्या वाढल्या, हे स्पष्टीकरण तिथून उभं राहिलं.

स्पिरिटची कथा आणखी वेगळी. त्याचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये बंद पडलं, म्हणून तो उलटा चालत ते चाक फरफटत नेऊ लागला. २००७ मध्ये त्या फरफटीने खणलेल्या चरात पांढरीशुभ्र माती उघडी पडली. तपासली तर सुमारे ९० टक्के सिलिका. इतकी शुद्ध सिलिका पृथ्वीवर गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ किंवा ज्वालामुखीच्या वाफेच्या मुखांशी साचते. चाक धड असतं तर कदाचित तो तिथून नुसताच पुढे गेला असता.

क्युरिऑसिटी उतरला गेल विवरात. हे विवर १५४ किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मधोमध सुमारे ५ किलोमीटर उंचीचा शार्प पर्वत आहे. पहिल्या काही आठवड्यांतच त्याला उचकटलेल्या फरशीसारखा एक थर दिसला. त्यात गोल गुळगुळीत गोटे एकमेकांत चिकटलेले. एवढे मोठे गोटे वारा वाहून नेऊ शकत नाही, ते पाण्यात लोळूनच गोल होतात. गोट्यांच्या आकारावरून प्रवाहाचा अंदाजही बांधता आला: खोली घोट्यापासून कमरेपर्यंत, वेग सेकंदाला साधारण एक मीटर.

मग आला वर सांगितलेला जॉन क्लाइन. हा खडक म्हणजे तळ्याच्या तळाशी बसलेल्या गाळाचा दगड. त्याच्या पुडीत सुमारे पाचवा हिस्सा चिकणमातीची खनिजं निघाली, स्मेक्टाइट गटातली. विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी जमीन याच गटातल्या खनिजांमुळे पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती तयार झाली बेसाल्ट पाण्याने कुजून, आणि गेलमधली चिकणमातीही बेसाल्टी गाळावर पाण्याची क्रिया होऊनच बनली. शिवाय मंगळाच्या त्या तळ्यातलं पाणी फार आम्लही नव्हतं आणि फार खारटही नव्हतं. ऑपॉर्च्युनिटीच्या जागेपेक्षा हे अगदीच वेगळं. मंगळावर एकेकाळी सूक्ष्मजीव तग धरू शकतील असं पाणी होतं, हे मार्च २०१३ मध्ये जाहीर झालं ते याच चिमूटभर पुडीच्या जोरावर.

भेगांवरून तर आणखी बारीक गोष्ट कळते. चिखल एकदाच वाळला तर भेगा एकमेकींना काटकोनात मिळतात. तोच चिखल पुन्हा पुन्हा भिजला आणि वाळला तर कोपरे हळूहळू बदलत जातात आणि षटकोनी नक्षी तयार होते. क्युरिऑसिटीने २०२१ मध्ये शार्प पर्वताच्या उतारावर काही सेंटिमीटर रुंदीचे असे षटकोन टिपले. म्हणजे तिथे ओलं आणि कोरडं हे चक्र दीर्घकाळ चालू होतं. या फोटोवर मी बराच वेळ थांबलो होतो. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ऋतुमानाची खूण डोळ्यांनी पाहता येते, याहून जास्त काय हवं?

ते पाणी गेलं कुठे?

काही अवकाशात, काही जमिनीत. हे कळतं ते हायड्रोजनच्या जड भावंडावरून, ड्यूटेरियमवरून. हलका हायड्रोजन वातावरणातून सहज निसटतो, जड मागे राहतो. जुन्या तळ्याच्या चिकणमातीत अडकलेल्या पाण्यात ड्यूटेरियमचं प्रमाण पृथ्वीवरच्या समुद्राच्या सुमारे तिप्पट निघालं. आजच्या मंगळाच्या हवेतल्या बाष्पात ते त्याहून बरंच जास्त आहे. म्हणजे तळं साचण्याआधीच बरंच पाणी उडून गेलं होतं, आणि नंतरही ते उडतच राहिलं.

वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडचं काय झालं, हे कोडंही बरीच वर्षं होतं. तो खडकांत कार्बोनेट बनून मुरला असेल तर ती कार्बोनेटं दिसत का नाहीत? २०२५ मध्ये क्युरिऑसिटीच्या चमूने सांगितलं की शार्प पर्वतावरच्या काही नमुन्यांत साधारण ५ ते १० टक्के सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, आहे. अवकाशातून फिरणाऱ्या यानांना ते त्या जागी दिसलं नव्हतं. पूड काढल्यावर दिसलं.

जीवसृष्टी सापडली का?

नाही. सेंद्रिय रेणू सापडले आहेत, आणि या दोन्हींमध्ये मोठं अंतर आहे. कार्बनचे रेणू उल्कांतूनही पडतात आणि खडक-पाण्याच्या निव्वळ रासायनिक क्रियेतूनही बनतात.

क्युरिऑसिटीला आधी क्लोरोबेंझीन मिळालं (२०१४ मध्ये जाहीर), २०१८ मध्ये तीन अब्ज वर्षं जुन्या गाळखडकातले गंधकयुक्त रेणू, आणि २०२५ मध्ये डेकेन, अनडेकेन, डोडेकेन या दहा ते बारा कार्बनच्या साखळ्या. शेवटचे रेणू मेदाम्लांचे (सजीवांच्या पेशींच्या आवरणात असणाऱ्या रेणूंचे) अवशेष असू शकतात, म्हणून त्यांची चर्चा जास्त झाली. पण हे सिद्ध करताना काय काय आडवं येतं तेही पाहा. सॅमच्या आत एका रसायनाची गळती झालेली होती, त्यामुळे कोणता संकेत मंगळाचा आणि कोणता यंत्राचा हे प्रत्येक वेळी वेगळं करावं लागलं. त्यात मातीत पर्क्लोरेट हे क्षार. फिनिक्सने २००८ मध्ये शोधलेले ते हेच. तापवले की त्यांतून ऑक्सिजन सुटतो आणि सेंद्रिय रेणू भट्टीतच जळून जातात. १९७६ च्या व्हायकिंग यानांना मातीत मंगळाचं म्हणावं असं सेंद्रिय काही सापडलं नाही, त्यामागेही हेच कारण असावं असं आता अनेकांना वाटतं.

सध्या सर्वात जास्त उत्सुकता आहे ती पर्सिव्हरन्सला जुलै २०२४ मध्ये जेझिरो विवरात दिसलेल्या ‘चेयावा फॉल्स’ या खडकाची. त्यावर गडद कडांचे फिकट ठिपके आहेत, त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात. त्यांत व्हिव्हिअनाइट आणि ग्रेगाइट ही लोहखनिजं असल्याचे संकेत मिळाले. पृथ्वीवर ती बरेचदा सूक्ष्मजीवांच्या कामातून बनतात, मात्र जीवाशिवायही बनू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हा अभ्यास ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला, तोही ‘संभाव्य’ या विशेषणासह. ‘मंगळावर जीव सापडला’ असा मथळा दिसला तर त्यात हे विशेषण आहे का, ते आधी पाहावं.

फोटोत दार, चेहरा, अचानक उगवलेला दगड दिसतो. त्याचं काय?

दार: क्युरिऑसिटीने मे २०२२ मध्ये टिपलेली ही कड्यातली फट सुमारे ३० सेंटिमीटर उंच आहे. खडक सरळ रेषेत तडकतात, दोन तडे मिळाले की असा कोनाडा पडतो.

चेहरा: व्हायकिंग १ ने जुलै १९७६ मध्ये वरून काढलेला फोटो, सावल्यांमुळे तसा दिसणारा. नंतरच्या स्पष्ट फोटोंत ती साधी टेकडी आहे.

उगवलेला दगड: ऑपॉर्च्युनिटीसमोर जानेवारी २०१४ मध्ये, काही दिवसांपूर्वी जिथे काहीच नव्हतं तिथे, पांढऱ्या कडेचा आणि लाल मध्याचा दगड दिसला. रोव्हरच्याच चाकाखाली एक खडक फुटून त्याचा तुकडा तिथे उडाला होता. रोव्हर थोडा पुढे गेल्यावर तो मूळ फुटलेला खडकही सापडला.

चाकाने फोडलेल्या दगडातून खरा शोधही लागला आहे. ३० मे २०२४ रोजी ८९९ किलोच्या क्युरिऑसिटीखाली एक दगड चिरडला आणि आत पिवळेधमक स्फटिक निघाले. तपासलं तर शुद्ध गंधक. मंगळावर गंधकाचे क्षार भरपूर आहेत, पण शुद्ध गंधक यापूर्वी दिसलं नव्हतं आणि त्या जागी ते कसं तयार झालं याचं पटणारं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मंगळाच्या मातीत शेती होईल का?

आहे तशी नाही. पर्क्लोरेट हे माणसाच्या थायरॉइड ग्रंथीला घातक असतं आणि पिकांत उतरू शकतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे माती धुऊन घेता येईल, पण तेवढं पाणी आणायचं कुठून? जमेची बाजू अशी की क्युरिऑसिटीला मातीत थोडं नायट्रेटही सापडलं आहे. कुजलेला पालापाचोळा आणि त्यावर जगणारे जिवाणू, ज्यांच्यावर आपली शेती उभी आहे, त्यातलं तिथे काहीच नाही.

महाराष्ट्रात मंगळासारखं काही पाहायला मिळतं का?

बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार. उल्कापाताने बेसाल्टमध्ये तयार झालेली विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा असल्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोणारच्या खडकांकडे वारंवार वळतात. धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार तिथे मिळतं, तसंच ते मंगळावरून आलेल्या उल्कांतही मिळतं. गुजरातेत कच्छमधल्या मातानोमढला जॅरोसाइट आहे. या जागा जपल्या पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

रोव्हर थेट व्हिडिओ का दाखवत नाही, आणि इतका सावकाश का चालतो?

मंगळापर्यंत संदेश पोचायला ग्रहांच्या अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे इथून स्टिअरिंग फिरवणं शक्यच नाही. दिवसभराच्या कामाचा आदेश एकदम पाठवला जातो. फोटो बहुतेक वेळा वरून जाणाऱ्या यानांमार्फत परत येतात. नासा ते कच्च्या स्वरूपात आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवते, तिथे प्रत्येक मंगळ-दिवसाचे फोटो कोणालाही पाहता येतात.

मंगळाची माती पृथ्वीवर कधी येणार?

पर्सिव्हरन्सकडे ४३ नळ्या आहेत. त्यांत तो खडकांचे गाभे (खडकातून कापून काढलेले दंडगोल तुकडे) भरतो आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याने सुट्या मातीचेही दोन नमुने घेतले. दहा नळ्या त्याने जमिनीवर ठरवलेल्या जागी राखीव म्हणून ठेवल्या आहेत. त्या आणायच्या कशा, हा प्रश्न अवघड होऊन बसला आहे. २०२४ मध्ये नासानेच सांगितलं की मूळ आराखड्याने गेल्यास खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने हाती यायला २०४० उजाडेल. चीनने तियानवेन-३ या मोहिमेची तयारी चालवली आहे, तिचं प्रक्षेपण २०२८ च्या सुमारास करण्याची योजना आहे.

त्याच सुमारास युरोपचा रोझलिंड फ्रँकलिन रोव्हर निघायचा आहे. त्याच्याकडे २ मीटर खोल जाणारं गिरमिट असेल. आजवरचे रोव्हर काही सेंटिमीटरच खोल गेले आणि पृष्ठभागाजवळचे सेंद्रिय रेणू अवकाशातल्या किरणोत्साराने कोट्यवधी वर्षांत मोडत जातात. २ मीटरखाली ते बरेच सुरक्षित राहिलेले असू शकतात. म्हणूनच हा रोव्हर ऑक्सिया प्लेनम या चिकणमातीच्या मैदानात उतरवायचं ठरलं आहे.